नियमाबाहेरचे घर

रजनीबाई सबनीस यांच्या वर्गात 'पुढची संख्या कोणती?' हा प्रश्न निषिद्ध होता. दोन, चार, सहा ऐकल्यावर आठ म्हणायला पोपटही शिकतो, असे त्या म्हणत. त्यांचा प्रश्न असे, "शंभरावी कोणती?" तो कानी पडला की सातवीतली मुले आधी बोटांकडे आणि मग छताकडे पाहू लागत. मोजत मोजत शंभरापर्यंत जाण्याचा कंटाळा यावा आणि त्या कंटाळ्यातून नियमाची भूक लागावी, एवढाच बाईंचा हेतू.

शाळा सुरतेतल्या नवागामच्या दाट वस्तीत होती. भोवतीच्या यंत्रमागांचा खडखडाट इतका अखंड, की तो थांबला तरच लोक दचकून बाहेर डोकावत. मुले बहुतेक खानदेशातून आलेल्या कुटुंबांची. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि बाईंसमोर शक्य तितकी मराठी बोलणारी. बाई साताऱ्याच्या. वडील पाठशाळेत न्यायशास्त्र सांगत, आणि विद्यार्थ्यांच्या मागे सतरंजीवर बसून बाईंनी ते ऐकलेले. पती वसंतराव बँकेच्या बदलीवर सुरतेस आले, निवृत्त झाले, आणि दोघेही इथेच रुजले. बाईंची बदली मात्र कुणी करू शकले नव्हते. त्या जिथे बसत तिथे वडिलांची पाठशाळा भरत असे.

त्या श्रावणात शाळेच्या दारासमोर मांडव उभा राहत होता. मांडव बांधणारा बन्सीलाल, आणि त्याचा मुलगा नितीन वर्गातल्या पहिल्या बाकावर. बाईंनी खिडकीकडे बोट केले.

"मांडवाच्या एका गाळ्याला खांब किती?"

"दोन," वर्ग म्हणाला.

"दोन गाळ्यांना?" "तीन." "तीन गाळ्यांना?" "चार."

"शंभर गाळ्यांना?"

"दोनशे," नितीन विश्वासाने म्हणाला. "एकाला दोन, तो सौला दोनशे."

"अरे, तुझ्या बापाला हे सांगू नकोस," मागून धनश्री म्हणाली. "तो निम्मे खांब परत आणायला टेम्पो करेल."

"तू सांग मग," बाई म्हणाल्या.

"एकशे एक. प्रत्येक गाळ्याचा एकेक खांब. आणि पहिला एक आधीच उभा असतो. तो कानबाईचा."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. मुलांच्या तोंडून निघालेल्या अनपेक्षित शब्दापाशी थांबायचे, हा त्यांचा जुना नेम.

"कानबाईचा कसा?"

धनश्री उभी राहिली. नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्या लोकांत कानबाई बसते हे बाईंना ठाऊक होते. गल्लीगल्लीतून वाजणारे डफ त्यांनी दरवर्षी ऐकले होते. घरातली रीत मात्र आज प्रथमच कळत होती. देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठीचे गहू आजी स्वतः मोजते, धनश्रीने सांगितले. पहिली सव्वा मूठ कानबाईची, म्हणजे गच्च मूठ आणि वर थोडे. मग घरातल्या एकेकाची, नाव घेऊन घेऊन. "म्हणजे घरात जितके जण, तितक्या मुठी, आणि एक देवीची. खांबांसारखंच."

"हा झाला तुझा नियम," बाई म्हणाल्या. "पण एका घरावरून नियम होत नाही, ती नुसती हकिकत. ज्यांच्या घरी रोट असतात त्यांनी विचारून या. गेल्या श्रावणात घरात किती जण होते, आणि मुठी किती घातल्या."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तीन घरे आली. नितीनच्या घरी चार जण, चार मुठी. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या भाईदास मिस्तरींच्या घरी सहा जण, मुठी तीन. आणि धनश्रीच्या घरी सात जण, मुठी पाच.

"सात अधिक एक आठ," नितीन म्हणाला. "हिच्या घरातच हिचा नियम फेल."

 धनश्री फळ्याकडे पाहत बोटे मिटत होती; आजीने ज्या क्रमाने घरातल्यांची नावे घेतली त्याच क्रमाने. आजोबा शालिग्राम. पप्पा. वाल्मिक काका. छोटू, जो गेल्या श्रावणात पाळण्यात होता. अंगठा उरला, तोही कानबाईच्या नावाने मिटला. हात बंद झाला. ती बराच वेळ बंद मुठीकडे पाहत राहिली.

"बाई," ती सावकाश म्हणाली, "माझं नाव घेतलंच नव्हतं. आईचंही नाही. आजीनं स्वतःचंही नाही."

जन्मापासून त्या परातीशेजारी बसून तिने मुठी मोजल्या होत्या, आणि आपण त्यांत नाही हे तिला सारणी मांडेपर्यंत दिसले नव्हते. संख्या अशा असतात. त्या निंदा करीत नाहीत, स्तुती करीत नाहीत. फक्त डोळ्यांवरची सवय बाजूला सारतात.

"मग नियम?" बाईंनी विचारले. त्यांचा स्वर मुद्दाम कोरडा होता.

"बाप्ये मोजायचे. त्यात एक मिळवायचा. बायका मोजायच्या नाहीत."

नितीनकडे तीन बाप्ये, मुठी चार. भाईदासांकडे दोन, मुठी तीन. धनश्रीकडे चार, मुठी पाच. तिन्ही घरे नियमात चपखल बसली. काही मुलगे उगीचच ताठ बसले, आणि मुलींच्या रांगेत वह्या चाळण्याचा आवाज झाला.

धनश्री मात्र अजून उभी होती. "मी अजून एक घर विचारून आले आहे. छायामावशीचं."

छाया तिच्याच गल्लीत, दोन दारे सोडून राहत असे. नवरा उखा दोन वर्षांपूर्वी आजारात गेला. तेव्हापासून साड्यांवर टिकल्या चिकटवून ती दोन मुलींना वाढवीत होती. घरात जण तीन. बाप्या एकही नाही.

"नियमाप्रमाणे मुठी किती?" बाईंनी विचारले.

"शून्य अधिक एक. एक."

"आणि तिने घातल्या?"

"चार."

नितीनला यातून वाट काढायला क्षणही लागला नाही. "ते घर काढून टाका बाई. तीन बरोबर आहेत ना? वो तो अलगच केस आहे."

रजनीबाईंनी खडू खाली ठेवला. वडिलांच्या पाठशाळेतला एक शब्द त्यांच्या ओठांवर आला. ज्यांना लागू व्हायला हवे त्यांतल्या एखाद्याला जरी लक्षण लागू झाले नाही, तरी त्यात अव्याप्ती नावाचा दोष असतो. 'गाय म्हणजे काळा प्राणी' असे म्हटले आणि दारात एक पांढरी गाय येऊन उभी राहिली, तर तिला हाकलायचे नसते.

"घर खोटं बोललं का?" त्यांनी विचारले.

"नाही."

"मग खोटं कोण?"

"नियम," दोनचार जण म्हणाले.

"खोटा नाही, तोकडा. अंगरखा तोकडा पडला तर आपण मुलाचे हात कापत नाही. घर काढायचं नाही. नियम मोठा करायचा. बसा, विचार करा."

तो तास संपला, पुढचाही संपत आला. जण अधिक एक म्हणावे तर छायाचे घर बसे आणि भाईदासांचे निसटे. बाप्ये अधिक एक म्हणावे तर उलट. शेवटी धनश्रीच उठली आणि चारही घरांवरून हात फिरवून म्हणाली, "ज्यांची नावं घेतली, तितक्या मुठी. आणि एक कानबाईची."

"अरे पण नावं कुणाची घ्यायची?" नितीनने विचारले.

"ते ज्याच्या त्याच्या घरचे ठरवतात," ती म्हणाली. "गणित नाही ठरवत."

रजनीबाईंनी हे वाक्य फळ्यावर लिहिले नाही, पण त्या दिवशी घरी जाताना त्या बसमध्ये एक थांबा पुढे गेल्या.

शुक्रवारी शाळेत गणिताचे प्रदर्शन भरणार होते. धनश्रीने मोठ्या कागदावर चार घरांची सारणी मांडली: जण, बाप्ये, मुठी. खाली दोन नियम. पहिला एका रेघेने खोडलेला, दुसरा ठळक शाईत. नावे लावण्यापूर्वी बाई स्वतः घरोघरी विचारून आल्या. छायाच्या दारात त्यांनी दोनदा विचारले, कारण तिथे बोल लागण्याचा संभव होता. छायाने हातातली साडी खाली ठेवली नाही.

"लावा नाव, बाई. भाऊबंदांत बोलून झालंय सगळं. मी मुठी चोरून नाही घातल्या. घरात दिवे लावायला आम्ही तिघी, भाकरी खायला आम्ही तिघी, आणि देवीपुढं कुणीच नाही, असं कसं?"

गुरुवारी मुख्याध्यापक भूपेंद्र सरांनी बाईंना बोलावले. सर वाईट नव्हते. दर जूनमध्ये पट घसरे, दर जूनमध्ये ते मराठी शाळा आणखी एक वर्ष ओढून नेत. आणि अशा माणसाला प्रत्येक पालक मोठा दिसू लागतो. आज त्यांच्यासमोर धनश्रीचा काका वाल्मिक बसला होता. गोडादऱ्यातल्या एका कारखान्यात मुकादम, उत्सव मंडळाचा कार्यकर्ता.

"बाई, आमची रीत तुम्ही भिंतीवर टांगताय," वाल्मिक म्हणाला.

"गणित टांगतेय. रीत तुमची, मुठी तुमच्या, आकडे तुम्हीच दिलेले. एखादा आकडा चुकला असेल तर सांगा, आत्ता खोडते."

"आकडा चुकला नाही. पण ते छायाचं घर कशाला? तिनं केलं ते रीतीला धरून नाही."

"म्हणूनच तर ते हवं. पहिला नियम तिथेच मोडतो."

भूपेंद्र सरांनी हात चोळले. "बाई, जरा समजून घ्या. तीन ओळी ठेवा, चौथी काढा. मुलांना नियम सापडला, छान झालं. अपवादानं नियम सिद्ध होतो असं आपण म्हणतोच ना?"

"म्हणतो, सर. पण अपवादालाही आपलं कारण सांगावं लागतं. कारण न विचारता जो खोडला, त्याला अपवाद म्हणत नाहीत. त्याला हाकललेला म्हणतात."

"हे पाहा, मी दहा पोरं उचलून गुजराती शाळेत घालीन," वाल्मिक म्हणाला.

"घाला. तिथेही दोन अधिक दोन चारच असतात."

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी वाल्मिकला बाहेर बसायला सांगितले, दार लोटले आणि आवाज खाली आणला. "बाई, उद्या सकाळी ती ओळ दिसली तर सोमवारपासून गणिताचा तास मी दुसऱ्याकडे देईन. तुम्ही ग्रंथालय सांभाळा. माझा नाइलाज आहे."

बत्तीस वर्षे ज्या तासासाठी त्या साडीची निरी नीट करून उभ्या राहिल्या, तो तास. रजनीबाई उठून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तास तुमचा आहे सर, कुणालाही द्या. ओळ माझी नाही, त्या मुलीची आहे. मी ती काढणार नाही, आणि तिला काढायलाही सांगणार नाही. आजवर मुलांना मी एकच गोष्ट शिकवली. जे घर नियमात बसत नाही त्याच्याकडे आधी पाहायचं. शेवटच्या दिवशी तीच गिळून टाकू?"

शुक्रवारी कागद भिंतीवर लागला. चारही घरांसह.

दुपारी वाल्मिक आपल्या आईला घेऊन आला. कलाबाई, धनश्रीची आजी, घरातल्या मुठी मोजणारी. देवीच्या घरची मोठी बाई म्हणून गल्लीत तिच्या शब्दाला वजन होते, आणि त्या वजनाखाली तो कागद चिरडला जावा अशी वाल्मिकची योजना होती. भूपेंद्र सर लगबगीने खुर्ची घेऊन आले. कलाबाई बसली नाही. ती कागदासमोर उभी राहिली आणि नातीला म्हणाली, "माले वाची दाखाड."

धनश्रीने वाचले. आवाज सुरुवातीला कापत होता. छायाच्या ओळीपाशी तो स्थिर झाला.

"आपला घरना कितला?" कलाबाईने विचारले.

"पाच."

"बरोबर शे." मग तिने छायाच्या ओळीवर बोट ठेवले. "तिना घर बाप्या नही. मंग तिनी काय करनं? घाल्यात, बरं कयं." वाल्मिकने काही म्हणायला तोंड उघडले, तिने त्याच्याकडे न पाहताच हात वर केला. "पन आपलं घर तसं नही. आपला घर चार बाप्या शेतस. देवनी दया."

खोलीत सुटकेचा निःश्वास पसरला. दोन्ही बाजूंचा मान राहिला होता; सर हसूही लागले होते. तेवढ्यात धनश्री म्हणाली, "आजी, मग माझं नाव यायला घरातले सगळे बाप्ये जायला हवेत का?"

 बाहेर मागांचा खडखडाट एकाएकी फार जवळ आला. कलाबाईच्या चेहऱ्यावर राग उमटला असे रजनीबाईंना वाटले, आणि त्या मुलीच्या आणखी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. तासाबरोबर आज आणखी काही जाणार असेल तर जावो, असे त्यांनी मनाशी ठरवले होते.

कलाबाई वळली ती बाईंकडेच. "तुम्हीन शिकाडं हाई?"

"मी मोजायला शिकवलं," रजनीबाई म्हणाल्या. "विचारलं तिचं तिनं."

"मंग सकायले या आमना घर. आमनी रीत भितवर लिखी, आते डोयाखाल बी घाला." एवढे बोलून ती निघून गेली. सर म्हणाले, "सोमवारी बोलू." त्यांनी कागदाला हात लावला नाही, हेही बाईंनी पाहिले.

शनिवारी सकाळी रजनीबाई नवागामच्या त्या खोलीत पोचल्या तेव्हा जमीन सारवल्यासारखी स्वच्छ पुसली होती. मध्यभागी पितळी परात, शेजारी गव्हाचे पोते. धनश्रीची आई जयश्री चाळण घेऊन दारात उभी. शालिग्रामबाबा खाटेवर, वाल्मिक भिंतीला टेकून, छोटू त्याच्या पायांत. बाईंसाठी पाट मांडला होता. शत्रूलाही पाट मांडावा, अशी त्या घराची रीत असावी.

कलाबाईने डोक्यावर पदर घेतला, पोत्यात हात घातला आणि पहिली मूठ परातीत सोडली. वर थोडे. "कानबाई माय." मग दुसरी. "शालिग्राम." एकेक नाव, एकेक मूठ, आणि प्रत्येक नावाला वर थोडे. तिचा हात जुना होता, पण मूठ दाणाभरही कमीजास्त होत नव्हती. रजनीबाईंचे मस्तक आपोआप लवले. हेही एक शास्त्रच होते, आणि त्याच्याशी भांडायचे तर इतक्याच शुद्ध हाताने भांडायला हवे होते. छोटूचे नाव झाले. पाच.

कलाबाईने हात काढला नाही. तो पोत्यातच राहिला.

धनश्री पुढे सरकली, आजीच्या शेजारी गुडघे टेकले, आणि आपला हात गव्हात घातला. "धनश्री," ती स्वतःच म्हणाली, आणि मूठ वर काढली. दाणे बोटांतून सांडत होते.

"काढ हात," कलाबाई म्हणाली.

"नाही काढणार."

"काढ म्हनस ना. तुन्ही मूठ धाकली शे. एक घरमा दोन मापं चालत नही." तिने नातीचे मनगट धरले, तिची मूठ पोत्यातच रिकामी केली, आणि मग स्वतःची मूठ भरून परातीवर आणली. क्षणभर ती मूठ तशीच अधांतरी राहिली. "धनश्री," म्हातारी म्हणाली, आणि बोटे उघडली. वर थोडे घालायला ती विसरली नाही.

"माय, भाऊबंद काय म्हनतीन?" वाल्मिक म्हणाला.

"त्यास्ले सांग, यंदा रोट जास्ती व्हतीन. खावाले या."

शालिग्रामबाबा खाटेवर खोकल्यासारखे हसले. धनश्रीने परातीतला ढीग पाहिला, मग दाराकडे पाहिले. "आजी, आई राहिली. आणि तू पण."

जयश्रीने घाईने चाळण खाली ठेवली. "धने, पुरे आता."

"मन्ही मूठघाई तं सर्वा मोजायनात, माले कशाले मोजनं?" कलाबाई परात उचलत म्हणाली. "तुन्ही मायनं पुढला साल देखसूत." आणि तिने विषय गव्हाबरोबर चाळणीत ओतला.

धनश्री हात झटकत बाईंपाशी आली. तिच्या तळहाताला दाण्यांचे ठसे उमटले होते. "पुढच्या साली मी पुन्हा बसणार आहे," ती हळू पण आजीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. मग तिला शाळा आठवली. "बाई, सोमवारी आमच्या घरापुढचे पाच खोडून सहा करू? तुम्ही असाल ना तासाला?"

"ते सोमवारी कळेल," रजनीबाई म्हणाल्या. "मी नसले तर जी कुणी असेल तिला सांग, माझ्या घरचा आकडा बदलला आहे, दुरुस्त करायचा आहे. नाही म्हणाली तर का नाही, ते विचार. सहा मात्र पेन्सिलीने लिही. तो अजून बदलायचा आहे."

"आणि नियम?"

"नियम शाईतच राहू दे."